वंडरफुल म्हणायचं

छावणीतल्या बायकांच्या चहाला मी पहिल्यांदा निघाले तेव्हा ह्यांनी मला एकच धडा दिला, "कुणी काहीही विचारलं तरी वंडरफुल म्हणायचं." मी साताऱ्याकडची, लग्न होऊन जयपूरला आलेली. आमच्याकडे डोळे मोठे व्हायला काहीतरी आक्रीत घडावं लागतं. इथे मेले दहीवडे वंडरफुल, पडदे वंडरफुल, आणि बाहेर लू अंग भाजून काढत असली तरी कानोत्याच्या धरणावरची सहलही वंडरफुल! मीही शिकले. न शिकून सांगते कुणाला?

आमची लेक तीन वर्षांची होती. कडेवर गप्प बसायची आणि सगळ्यांच्या तोंडाकडे टकामका बघत राहायची. बायका म्हणायच्या, "कित्ती शांत! वंडरफुल चाइल्ड!"

शांत कसली, कर्म माझं. तिला ऐकूच येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे. आत्ताच शिकवायला घेतलं तर ओठ बघून थोडंफार बोलेल, उशीर झाला तर तेही नाही. अशा मुलांची शाळा पुण्यात होती. ह्यांनी पुण्याला बदली मागितली, पण वरून काही हलेना. मी एकटीने तिकडे बिऱ्हाड करावं, तर दोन घरं चालवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेवढ्यात कळलं, एका फार मोठ्या साहेबांची बायको येणार आहे. तिच्या नवऱ्याच्या एका फोनवर आमचं काम झालं असतं.

"तिथे असलं बोलत नाहीत गं," हे म्हणाले.

"मग कुठे बोलतात? सांगा ना, तिथे जाते!"

हे बूट पॉलिश करायला बसले.

नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे आम्ही बायका रांगेत उभ्या राहिलो. बाई एकेकीपाशी थांबत, हसत पुढे येत होत्या. लेक माझ्या कडेवर होती. त्यांनी मला विचारलं, जयपूर कसं वाटतंय. मी घोकून ठेवलेलं सगळं एका दमात बोलले, "मॅडम, बच्ची सुन नहीं सकती. इलाज पूना में है. हमारी बदली करवा दीजिए."

बाईंचं हसू जागचं हललं नाही. नजर केव्हाच शेजारणीच्या साडीवर गेली होती. "वंडरफुल," त्या म्हणाल्या, लेकीच्या गालाला बोट लावलं आणि पुढे सरकल्या.

मी पुन्हा मोठ्यानं हाक मारली, "मॅडम!" सगळ्या रांगेच्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या साहेबांची बायको डोळे वटारून माझ्या हातात कप देत म्हणाली, "चाय ठंडी हो रही है." इतका संताप आला मला, की कप फेकावासा वाटला. फेकला नाही. चहा प्यायले.

पुढे बदली आली ती ह्यांची एकट्याची, बर्फातल्या चौकीवर. आम्ही दोघी जयपुरातच, सरकारी घरात राहिलो.

मग मीच शिकवायला लागले. रोज तिला समोर बसवायची, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, आई. आई. ती बघायची. तिचे ओठ काही हलायचे नाहीत.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. ओट्यावर बसलेल्या लेकीनं माझा पदर ओढला. मान कलती करून गोड हसली. ओठांचा चंबू केला, मग खालचा ओठ दातांखाली धरला, मग जीभ वर टेकवली. आवाज नाही. पुन्हा तेच. मी ते ओठ ओळखले. एवढी वर्षं सगळ्या बायकांच्या तोंडावर तिनं तेच पाहिलं होतं, माझ्यासुद्धा.

तव्यावरची पोळी करपली. लेक शाबासकीची वाट बघत होती, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.