पृथ्वीच्या लाटा मोजणारी खोली

कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरी केली की हाताशी काही राहत नाही. फ्लॉप्यांना बुरशी लागते, मशीन भंगारात जातं. राहतात ते किस्से. ते कुणी जमवत नाही, कूलरच्या तळाशी गाळ साचावा तसे साचतात. परभणीच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं ऑपरेटर होते. हे शेवटच्या काही वर्षांतले, आणि सगळे भालेराव सरांचे.

सर गणित शिकवायचे. मूळचे पेडगावचे, बोलायला कमी. त्यांची पीएच.डी. चालली होती. सगळ्या पृथ्वीवरचं तापमान, वारा हे गोलावरच्या लहानमोठ्या लाटांमध्ये मोडायचं, असं ते गणित. हवामानाच्या अंदाजाला ते सारखं करावं लागतं आणि वेळ फार खातं. एका प्रोसेसरवर एक रन अकरा तास. तेच काम चार प्रोसेसरना वाटून वेळ वाचवायचा, एवढाच सरांचा ध्यास.

*

चार प्रोसेसरचं कार्ड यायच्या आधीची गोष्ट. अकरा तास सलग लाइट आम्हाला कुठली मिळायला? सकाळी सातला रन लावायचा, दुपारी चारला लाइट जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी आमचे शिपाई शेख मामू म्हणाले, "सर, तुमची पृथ्वी रोज चार वाजता बंद पडायलीय. चार वाजेपर्यंतचीच लिहून टाका की."

सर हसले नाहीत. म्हणाले, "मामू, तेच करायलोय."

आणि खरंच, त्या दिवसापासून प्रोग्राम दर तासाला झालेलं काम डिस्कवर लिहून ठेवायला लागला. लाइट आली की तिथून पुढे. पाच दिवस आम्हा शिकलेल्यांना ते सुचलं नव्हतं.

*

एकदा चारठाण्याचे एक म्हातारे शेतकरी विचारत विचारत खोलीपर्यंत आले. "हितं पावसाचं यंत्र हाय म्हणं."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग खरं ते सांगितलं. "काका, आमच्या यंत्रात पृथ्वीच्या मोठ्या मोठ्या चौकटी हायत. आपला आख्खा जिल्हा एका चौकटीत, अन् वर शेजारचे दोन-तीन जिल्हे त्यातच."

म्हाताऱ्यांनी चहा संपेस्तोवर विचार केला. "म्हंजी पाऊस सेलूत पडला अन् चारठाणा कोरडं राहिलं, तर तुमच्या हिशोबानं आमी भिजलोच."

"तसंच हाय, काका."

"मंग सरकारबी हेच यंत्र वापरत असंल," म्हणून म्हातारे उठले.

*

कार्ड आलं. चार प्रोसेसर, म्हणजे अकराचे पावणेतीन तास व्हायला हवेत. झाले जवळजवळ पाच.

कारण त्या लाटांचा तक्ता त्रिकोणी. पहिल्या रांगा लांबलचक, शेवटच्या अगदी आखूड. सरांनी रांगा मोजून सारख्या वाटल्या होत्या. त्यामुळे पहिला प्रोसेसर पाच तास राबायचा आणि चौथा तासाच्या आत मोकळा होऊन बसायचा. दोन महिने सर त्या एका गोष्टीपायी वाळले. वर्गावर जायचे, यायचे, स्क्रीनसमोर बसायचे.

एका रविवारी ते पेडगावला गेले. चुलती गयाबाई बायांबरोबर खुरपायला गेली होती. नाल्यानं तिरकं कापलेलं, तीन कोनांचं रान. सर बांधावर उभे राहिले ते उभेच.

"काय बघायलास?" गयाबाईनं विचारलं.

"हे तुमी वाटून कसं घेता?"

तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. गयाबाई खुरपं न थांबवता म्हणाली, "लांब तास धरला की त्याच्या जोडीला आखूड तास धरायचा. सगळे लांब एकीच्याच गळ्यात घातले तर ती उद्या कामाला यील का?"

सोमवारी सरांनी प्रोग्रामच्या सहा ओळी बदलल्या. लांब रांगेच्या जोडीला आखूड रांग. रन दोन तास पन्नास मिनिटांत संपला. सरांनी घड्याळ पाहिलं, टेबलावर डोकं टेकलं आणि तिथंच झोपले. मामूंनी हलकेच दार लोटून घेतलं.

*

थीसिस पावसाळ्यातच तयार झाला. सगळा मीच टाइप केला, फक्त पहिलं पान सोडून. "ते राहू द्या," सर म्हणाले होते. दिवाळी गेली. गाइडची पत्रं येत होती, अजून जमा का नाही? स्टाफरूममध्ये लोक म्हणत, भालेराव घाबरला. सर एवढंच म्हणायचे, "आकडे एकदा तपासतो." आकडे कधीच तपासून झाले होते, मला माहीत होतं.

संक्रांतीला, ठराव होऊन सोळा वर्षं अडलेलं विद्यापीठाचं नामांतर झाल्याची बातमी आली. कॉलेज उघडल्यावर सर सकाळीच खोलीत आले.

मी कागद घेतला. "पहिलं पान करू ना सर?"

"झालंय," म्हणत त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. जुन्या टाइपरायटरची अक्षरं. वर विद्यापीठाचं नवं नाव, खाली सरांचं. मध्ये थीसिसच्या नावाची जागा कोरी.

"सर, हे कधी टाइप केलं?"

"अठ्ठ्याहत्तरला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो." त्यांनी खुर्ची ओढली. "मधली ओळ तेवढी टाका, ताई."