चिखलदऱ्याच्या कड्यावर आमचे पोट्टे

शिबिर संपलं की दोर झटकून कपाटात जातात, हेल्मेटं पुसून खोक्यात जातात. तंबूही वाळले की घड्या होऊन माळ्यावर जातात. किस्से मात्र कुठेच ठेवता येत नाहीत! ते स्टाफरूमभर पसरून राहतात. कुणी सहज ‘चिखलदरा’ म्हटलं, की एक निघतो, त्याच्यामागे दुसरा, आणि चहा थंडगार.

मी अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. आमचे गावंडे सर पी.टी.चे. दर हिवाळ्यात अमरावती-अकोल्याकडच्या चार-पाच शाळांमधली नववी-दहावीची मुलं घेऊन आम्ही दोघं पाच दिवस चिखलदऱ्याला जातो. कडा चढायचा, दोरावरून उतरायचं, तंबू ठोकायचे, ट्रेक करायचा. पोरं घरी जातात तेव्हा ती तीच नसतात, एवढंच सांगते. बाकी तुम्हीच ऐका.

*

शिबिराआधी आम्ही पालकसभा घेतो. तिथे एका वर्षी चांदूर रेल्वेचे एक काका उभे राहिले. भाजीपाल्याची बागायत करणारे, सरळ माणूस. त्यांची नंदिनी नववीत.

“मॅडम, पोट्टीले दोरावून खाली उतरवता म्हणता?”

“हो काका.”

“वरून खाली याले एवढ्या दूर कायले न्या लागते जी? आमच्या घरी जिना हाये न!”

सभा हसून लोटपोट! नंदिनी मान खाली घालून बसली. गावंडे सरांनी काकांना हार्नेस हातात दिला, स्वतः कमरेला बांधून दाखवला, गाठ ओढून पाहायला लावली. काकांनी दोन्ही पाय रोवून ती गाठ ओढली आणि मग सही केली.

शिबिर संपल्यावर आठ दिवसांनी त्यांचा फोन. म्हटलं, आता काय झालं?

“मॅडम, तुमी काय शिकवलं पोट्टीले? गच्चीवरची टाकी साफ कराले रोज तयार असते. अन् उतराले जिना वापरूनच नाही राहिली!”

मी घाबरून सांगितलं, दोर आणि माणूस सोबत असल्याशिवाय असलं काही करू द्यायचं नाही. काका म्हणाले, “माणूस हाये न. खाली मीच दोर धरून उभा राहतो!”

*

त्याच वर्षी पुण्याहून आदित्य नावाचा प्रशिक्षक आला. हुशार पोरगा, पण आमच्या भाषेने त्याची पहिल्या तासातच दांडी गुल केली.

नंदिनी कड्यावर हात वर करून म्हणाली, “सर, पहिले मी उतरतो!”

आदित्य तिच्या मागे पाहायला लागला. “कोण उतरतो? कुठंय तो?”

आमच्याकडे पोरीही ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात, हे बिचाऱ्याला काय माहीत!

मग त्याने चढाईचे इशारे शिकवले. दोर ओढून घ्यायचा असेल तर ‘टेक इन’, सैल हवा असेल तर ‘स्लॅक’. पोरांनी पाठ केले. पण कड्याच्या मध्यावर पाय सटकला, की कसलं इंग्रजी आठवतं? प्रत्येक जण वरून एकच ओरडायचा, “अबे, तान न बे!”

दोर ताण, बस. खालच्याला नेमकं कळायचं. आदित्य दोन दिवस दुरुस्त करत राहिला. चौथ्या दिवशी तो स्वतः अवघड चढ दाखवायला वर गेला. खाली दोर गावंडे सरांच्या हातात. अर्ध्यावर त्याचा हात सुटला आणि अख्ख्या दरीत आवाज घुमला,

“अबे, तान न बे!”

टाळ्या थांबेनात. गावंडे सर दोर ताणून धरत म्हणाले, “उतर आता. झाला तू आमचा!”

*

अकोल्याची ईशा. शाळेत पहिली, क्लासमध्ये पहिली, आयुष्यात दुसरी कधी आलीच नव्हती. कड्याखाली उभी राहून तिने पहिला प्रश्न विचारला, “सर, याचे मार्क इंटर्नलला धरतात का?”

“नाही,” गावंडे सर म्हणाले.

“मग मी चढू नाही शकली तर?”

“तर खाली यायचं अन् जेवाले बसायचं.”

तिला ते खरंच वाटेना. चढली, पडली. पुन्हा चढली, पुन्हा त्याच जागी पडली. तिसऱ्यांदाही तेच. डोळे भरलेले. नंदिनीने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “मी काल सात वेळा पडली.”

ईशा जेवायच्या पंगतीत आली. ताट घेतलं, बसली, आणि मोठ्याने म्हणाली, “मॅडम, मी आज नापास झाली!”

म्हणाली आणि हसली. दुसरी पोळीही घेतली! इतकं मोकळं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

*

अकोटजवळच्या एका खेड्यातली सारिका. बोलणं गावठी आहे म्हणून शाळेत तिला चिडवायचे, म्हणून ती बोलायचीच नाही. पहिल्या दोन दिवसांत मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि तंबूंच्या दोऱ्या एकामागून एक सुटू लागल्या. शहरातली पोरं पुस्तकातल्या गाठी मारतायत, वारा सोडवतोय! एक तंबू मात्र जागचा हलेना. सारिकाचा.

आदित्य गुडघ्यावर बसून तिची गाठ निरखायला लागला. “ही कुठली गाठ? नाव काय हिचं?”

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने ओढणी नीट केली आणि म्हणाली,

“नाव नाई माहीत, सर. आमी म्हशीले बांधाले हेच मारतो. आजवर एकही म्हैस सुटली नाई!”

मग सारिका पुढे आणि सगळी पलटण मागे. संध्याकाळपर्यंत तिने सगळे तंबू बांधून घेतले. आजही आमच्या शिबिरात त्या गाठीला ‘सारिका’ म्हणतात.

*

निखत म्हणजे आमच्याच शाळेची तोफ. तोंड बंद ठेवत नाही म्हणून वर्गाबाहेर उभी असायची. मुख्याध्यापकांनी तिला कितीदा समज दिली असेल, मोजदाद नाही.

हेच मुख्याध्यापक एकदा शिबिर पाहायला आले. पोरांनी आग्रह केला, सरांना हार्नेस चढवला. पहिले दहा फूट झोकात उतरले. मग खाली पाहिलं आणि जागीच थिजले. गावंडे सर वरून समजावतायत, आदित्य खालून समजावतोय. सर हलेनात.

तेवढ्यात निखत पुढे आली आणि खड्या आवाजात म्हणाली, “सर! उत्तर येत नसलं तरी पेपर सोडून उठायचं नाही! तुमीच सांगता न!”

मग मुख्याध्यापकांचा उजवा पाय हलला. मग डावा. निखत खालून एकेक पाऊल सांगत गेली आणि सर उतरले. घाम पुसत त्यांनी विचारलं, “एवढं नीट बोलता येतं तुला?”

“रोजच बोलतो, सर. तुमी बाहेर काढता!”

त्या सोमवारपासून प्रार्थनेच्या वेळी सूचना निखत वाचते.

*

शेवटच्या दिवशी ट्रेकची शर्यत असते. आठ-आठ जणांचे गट, डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून जो गट आधी आत जाईल तो पहिला. निखत एका गटाची कॅप्टन. तिच्या गटात मूर्तिजापूरचा पीयूष होता. वजनाने भारी, दम लवकर लागायचा. पी.टी.च्या तासाला तो नेहमी झाडाखाली बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळायचा. कुठेही जायचं म्हटलं, की त्याचं एक वाक्य ठरलेलं, “तुमी चाला, मी येतो.”

त्या दिवशीही पहिल्याच चढावर तेच म्हणाला. आदित्य त्याच्यासोबत मागे राहिला आणि गट पुढे निघाला.

मी आणि गावंडे सर दरवाजाशी उभे. सगळ्यांत आधी दिसली निखत, मागे तिचे सहा जण. लालबुंद चेहरे, पण पहिले! मी टाळ्या वाजवल्या. दरवाजा दहा पावलांवर होता. निखतने हात वर केला आणि सगळा गट दगडांवर बसला.

दुसरा गट आला, आत गेला. तिसरा आला, आत गेला. आत जल्लोष सुरू झाला. “निखत, दहा पावलं चाल न!” आतून पोरं ओरडत होती. ती बुटाची लेस बांधत होती.

चौथा गट गेला. पाचवाही गेला.

पाऊण तासाने वळणावर पीयूष दिसला, मागे आदित्य. पीयूषचा एक हात कमरेवर, शर्ट ओलाचिंब. आपला गट बाहेर बसलेला पाहून तो थांबलाच.

“अबे, तुमी अजून इथंच? काहून थांबले? केव्हाचे पोहोचले असान न!”

निखत उठली, पँटची धूळ झटकली.

“कुठं पोहोचलो बे? सातच तर आलो होतो!”