टोप्यांखाली लोखंड

हावड्याच्या पुलावर चढताना आमच्या ट्रकने दोनदा शिंक दिली आणि तिसऱ्यांदा तो बंद पडला. पुढे ट्राम, मागे ट्राम, दोन्ही अंगांनी डोक्यावर ओझी घेतलेली माणसं, आणि मधोमध नागपूरच्या संत्र्यांनी भरलेली आमची हिरवी, लष्करी लिलावातली गाडी. दोष गाडीचा नव्हता. पूल नीट दिसावा म्हणून मी खिडकीतून निम्मा बाहेर आलो होतो आणि क्लचवरचा पायही माझ्याबरोबर बाहेर निघाला होता.

शेजारी बसलेल्या इब्राहिमचाचांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. चाचा मोमिनपुऱ्यातले जुने मिस्त्री. गाडीला काय होतंय ते गाडीच्या आधी त्यांना कळतं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, पूल खाली उतरून बघा. पुलावरून पूल दिसत नाही."

तर असा मी कलकत्त्यात शिरलो. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. लढाईत मी फौजेच्या कचेरीत कारकून होतो. तिथे टायपिंग शिकायला पाठवलं आणि मी गाडी चालवायला शिकून आलो. पुढे लिलावात हा ट्रक दिसला तेव्हा निम्मे पैसे मी घातले आणि निम्मे बायकोच्या थोरल्या भावाने, अप्पासाहेबांनी. अप्पासाहेबांची तेलाची गिरणी आहे. त्यांनी अट घातली होती ती सगळ्यांदेखत. म्हणाले, "जाताना संत्री कोणीही नेईल. गाडी येताना भरून येते का, ते बघायचंय. परतीचं भाडं आणलंत तर गाडी तुमची. नाही आणलंत तर ती लाकूडवाल्या ठेकेदाराला द्यायची आणि तुम्ही माझ्या गिरणीत वह्या लिहायला बसायचं."

त्या गिरणीत मी पूर्वी सहा महिने बसलो आहे. घरी गेल्यावर मांजर माझा सदरा चाटायचं. तेव्हा परतीचं भाडं मिळणं ही माझ्या दृष्टीने जन्ममरणाची गोष्ट होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मेछुआच्या फळबाजारात संत्री अर्ध्या दिवसात उतरली. इथले मुटे (हमाल) पेटारे डोक्यावर घेऊन अशा चालीने पळतात की पाहणाऱ्याने बाजूला व्हायचं, त्यांनी नाही. हे मला एका पेटाऱ्याने समजावून सांगितलं. चाचांनी माझ्या कपाळाला ओलं फडकं लावलं आणि आम्ही कोपऱ्यावर लुची (मैद्याच्या फुगलेल्या पुऱ्या) आणि बटाट्याची रस्साभाजी खाल्ली. नऊ लुचींनंतर कपाळ दुखायचं थांबलं.

उतरायला भवानीपुरात करंदीकरांकडे गेलो. त्यांच्यासाठी नागपूरहून आणलेली एक चिठ्ठी आणि राखून ठेवलेली संत्र्यांची टोपली होती. करंदीकर कॉलेजात गणित शिकवतात; बोलणं मात्र सगळं त्यांच्या पत्नी माईंच्या वाट्याला आलेलं. माई जन्मल्या कलकत्त्यात, वाढल्या कलकत्त्यात, पण मराठी ऐकाल तर सदाशिव पेठेतल्या बाईने पदर सावरून बसावं. फक्त रागावल्या की बंगालीत रागावतात, कारण त्यांच्या मुलींना तेच लवकर कळतं. पानात वरणभात, लिंबाची फोड आणि शेजारी आलू-पोस्तो (खसखशीतले बटाटे). चाचांनी पोस्तो तीनदा मागून घेतला आणि जेवल्यावर तिथेच भिंतीला टेकून झोपले. खसखशीचा गुण मला माईंनी नंतर सांगितला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन स्ट्रँड रोडवर गोदामांच्या बाजूला उभा राहिलो. तिथे गाडीवाल्यांचा अड्डा भरतो. दलाल येतात, कुणाचा माल कुठे जायचा आहे ते सांगतात आणि भांड्यात (मातीच्या पेल्यात) चहा पिऊन सौदा होतो. मला गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. एकाच्या ताग-दोऱ्याच्या बारा गाठी होत्या. एका छापखान्याच्या खिळ्यांच्या (शिशाच्या अक्षरांच्या) चार पेट्या नागपूरला जायच्या होत्या. एका ओतकामवाल्याची लोखंडी वजनं, बाजारात तागडीत घालतात ती, रायपूरला पाठवायची होती. मी सगळ्यांना मान हलवून नाही म्हटलं. मी काय गावोगाव फिरणारा बैलगाडीवाला आहे? फौजेत शिकलेला माणूस मी. एक गाडी, एक माल, एक बिल्टी (मालाची पावती), असा माझा बाणा.

हालदारबाबू नावाचे एक दलाल हे पाहत होते. माघातल्या उन्हातही छत्री उघडून बसणारे वयस्क गृहस्थ. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला छत्रीखाली बोलावलं आणि हिंदीत विचारलं, "नागपूरबाबू, तुमच्या गाड्या किती?"

"एक."

"ज्याच्या दहा असतात ना, तो पूर्ण गाडीसाठी वाट बघतो. त्याच्या नऊ तोवर कमावतात. तुमच्या बाकीच्या नऊ कुठे उभ्या आहेत?"

मला वाटलं म्हाताऱ्याच्या हातात फुटकळ मालच आहे, म्हणून तो त्याची भलामण करतोय. मी हसून चहाचे पैसे दिले.

चौथ्या दिवशी देव पावला. एक किडकिडीत, मऊ बोलणारे व्यापारी आले. म्हणाले, नागपूरला जायचा माल आहे, गाडी भरून आहे. मी आतून थरथरलो, पण बाहेरून जांभई दिली. भाडं मणावर ठरणार होतं. त्यांनी एक दर सांगितला, मी वर नेला. ते थोडे वर आले, मी आणखी वर नेला. अखेर माझ्या म्हणण्याला त्यांनी मान तुकवली तेव्हा मी चाचांकडे असं बघितलं की जणू प्लासीची लढाई आत्ता उलटी फिरवली. माल कसला, हे मी विचारलं नाही. विचारलं तर गरजवंत दिसेन, असा माझा हिशेब होता. बिल्टीवर सही केली.

गोदामाशी गाडी लावली. मुटे खोकी आणू लागले. एकेकाच्या डोक्यावर सहा-सहा खोकी, आणि गडी चक्क गात होता. मी एक खोकं उघडलं. आत टोपी. दुसरं उघडलं. टोपी. साहेबलोक उन्हात घालायचे ती सोला हॅट, शोल्याची (पाणथळीत उगवणाऱ्या झाडाच्या कापसाहून हलक्या गाभ्याची) बनवलेली. साहेब गेले आणि टोप्या मागे राहिल्या. नागपूरच्या उन्हाला साहेब गेल्याचं कळलेलं नसल्यामुळे सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने तो सगळा साठा विकत घेतला होता.

गाडी भरली. हौदा भरून वर टपापर्यंत भरली. दोरखंड आवळले. चाचा खाली वाकले, त्यांनी मागच्या चाकांवरच्या पाट्यांवर (लोखंडी स्प्रिंगांवर) हात फिरवला आणि हळूच उठून म्हणाले, "भाऊ, गाडी को मालूम ही नहीं कि माल चढ़ा है."

मणावर भाडं आणि माल टोप्यांचा. त्या भाड्यात पेट्रोल खरगपूरच्या पुढे गेलं नसतं. मी व्यापाऱ्यांकडे वळलो. ते बिचारे गोंधळून गेले. म्हणाले, "आपण विचारलं नाहीत. मी गाडी भरून माल आहे म्हणालो. आहे ना?" होता. तक्रारीला जागाच नव्हती. जागा सगळी टोप्यांनी व्यापली होती.

संध्याकाळी माईंच्या ओट्यावर बसून मी सगळी हकिगत सांगितली. गिरणीचं, मांजराचं, सगळं. माई आधी इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, आम्ही प्रवासाला निघालो की ट्रंक कशी भरतो? तळाशी पातेली, वर साड्या. तुम्ही नुसत्या साड्या भरल्यात आणि आता ट्रंक हलकी लागते म्हणून रडताय."

"पण माई, एकच गाडी, एकच माल..."

"कुणी सांगितलं? गाडीला दोन पोटं असतात. एक जागेचं, एक वजनाचं. तुमचं एक भरलंय, दुसरं उपाशी आहे."

गणिताचे प्रोफेसर आतून पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुन्हा गप्प झाले.

माईंनी लगेच नाव काढलं. बराकपूरला फौजेच्या हिशेब खात्यातले पेंडसे राहतात, त्यांची नागपूरला बदली झाली आहे. रेल्वेच्या वॅगनची वाट बघून त्यांच्या पत्नीचा जीव टांगणीला लागला आहे. जातं, पाटा-वरवंटा, शिलाईचं यंत्र, पितळेची भांडी, पुस्तकांच्या पेट्या. मराठी संसार परमुलखात किती जड होतो ते बराकपूरला जाऊन उचलल्याशिवाय कळत नाही.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. सकाळी मला स्ट्रँड रोडवर हालदारबाबूंच्या छत्रीखाली जावं लागलं. आयुष्यात मी इतकं लांबचं अंतर कधी चाललो नाही. गाडीपासून छत्री पंचवीस पावलांवर होती. हालदारबाबूंनी चहा मागवला, दोन भांड्यांमध्ये. मग म्हणाले, "तागवाला गेला. तो कशाला थांबेल? खिळ्यांच्या पेट्या आहेत. आणि लोखंडी वजनं आहेत. ती कोणाला नकोच असतात, जागा कमी आणि पाट्यांचा जीव जातो."

"मला हवी आहेत," मी म्हणालो. "माझ्या पाट्यांना चार दिवस काम नाही."

हालदारबाबू पहिल्यांदा हसले. "काल तुम्ही राजा होतात. आज गाडीवाले झालात. बसा."

टोपीवाल्या व्यापाऱ्यांची परवानगी घेतली, खोकी उतरवली आणि नव्याने भरायला घेतली. मी खडूने हौद्याचा नकाशा काढला. वजनं अगदी पुढे, केबिनला लागून. मग पेंडशांचा संसार. मागे, फाळक्याशी, खिळ्यांच्या पेट्या. आणि या सगळ्यावर टोप्या, आता एका खोक्यात चार-चार, एकात एक बसवून. चाचांनी विचारलं, "वजनं रायपूरलाच उतरायची ना?" मी म्हटलं, "चाचा, नकाशा बघा." चाचांनी नकाशा बघितला आणि विडी पेटवली.

निघताना माईंनी नारळाच्या वड्यांचा डबा दिला. हावड्याचा पूल ओलांडून गेल्यावर चाचांनी स्वतःच गाडी कडेला लावायला सांगितली. मी खाली उतरलो. नदीवर धुकं होतं आणि त्यातून तो पूल नुसताच वर आला होता, खाली खांब नसल्यासारखा. ट्रामा, बैलगाड्या, हजारो माणसं, कुणी ओझ्याने वाकलेलं, कुणी रिकाम्या हाताने, आणि सगळ्यांना मिळून तो एकच तोलून धरत होता. मी बराच वेळ पाहत राहिलो. गाडी या वेळी शिंकली नाही. तिच्या पाट्या बसल्या होत्या, आणि चालीला तो जड, समाधानी झोका आला होता जो पोटभर जेवलेल्या माणसाच्या चालीला येतो.

खरगपूर, मग साल वृक्षांचं जंगल, लाल माती, संबळपूर. पाचव्या दिवशी दुपारी रायपूर. ओतकामवाल्याचा गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभा होता आणि त्याचा माल होता सगळ्यांत पुढे, सगळ्यांच्या खाली. माझा नकाशा इथे पूर्णपणे उलगडला. वजनं काढायची तर आधी पेट्या, मग संसार, आणि त्याआधी सगळ्या टोप्या उतरवायच्या. काही खोकी वाटेत फुटली होती. भर बाजारात रस्त्याच्या कडेला टोप्यांचा ढीग लागला. शेजारी पेंडशीणबाईंचं जातं. गाव गोळा झालं. एक म्हातारी टोप्यांकडे पाहून चाचांना विचारती झाली, "टोप्या इथं, मग इतके साहेब गेले कुठं?"

"विलायतेला," चाचा म्हणाले. "डोकी घेऊन गेले."

या गर्दीत एक तांदळाचा व्यापारी होता. वजनं उतरल्यावर हौद्यात पुढे मोकळी झालेली जागा त्याने पाहिली आणि विचारलं, नागपूरला तीस पोती नेता का. मी तोंड उघडलं. पण आधी विचारलं, "कसला तांदूळ?" त्याला वाटलं मी पारखी आहे. त्याने मुठीत आणून दाखवला. पोती पुढे गेली, संसार त्यावर, पेट्या मागे, टोप्या वर. माझ्या मूर्खपणाने बाजार भरवला नसता तर त्या माणसाला आमची गाडी दिसलीही नसती. ही गोष्ट मी चाचांना सांगितली. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला अक्कल वापरून बघू. तीही कधी कधी चालते."

नागपुरात शिरलो ते थेट गिरणीवर. ओसरीवर अप्पासाहेब आणि लाकूडवाला ठेकेदार चहा पीत बसले होते. ठेकेदार नको तितक्या लवकर आला होता. मी चारही बिल्ट्या समोर ठेवल्या. रायपूरची पोच पाचवी.

"एका गाडीत इतका माल?" अप्पासाहेबांनी विचारलं. उत्तर न घेता ते उठले, गाडीभोवती फिरले, वरच्या टोप्यांकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग खाली वाकले आणि त्यांनी पाट्यांवर हात ठेवला, अगदी चाचा ठेवतात तसा. उठून ठेकेदाराला म्हणाले, "तुम्ही दुसरी गाडी बघा."

कलकत्त्यात काय पाहिलं म्हणून मला घरोघर विचारतात. राणीचा संगमरवरी महाल पाहिला नाही, कालीचं दर्शन राहून गेलं. पाहिली ती दारं. छापखान्याचं, ओतशाळेचं, बराकपूरच्या बिऱ्हाडाचं. प्रत्येकाकडे थोडंसं काही होतं, एका गाडीला न पुरणारं, आणि ते कुणीतरी न्यावं म्हणून प्रत्येक जण वाट पाहत होता. मी मात्र चार दिवस त्यांच्या समोर उभा राहून भरलेल्या गाडीची वाट पाहत होतो.

परवा अप्पासाहेब पुन्हा आले. मी हौदा धूत होतो. इकडे तिकडे पाहून, गिऱ्हाइकासारखे जरा अवघडून म्हणाले, "पुढच्या खेपेला कलकत्त्याच्या एका स्नेह्यांसाठी थोडं सामान द्यायचं होतं. जागा होईल का?"

"होईल. माल काय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"आधी मालाचं नाव, अप्पासाहेब."

माझ्याकडे रोखून पाहत ते म्हणाले, "तेल. दोन डबे."

"चाचा," मी हाक मारली, "तळाशी."