ब्रसेल्सचं दूध

ताई आणि भावजी नागपूरहून ब्रसेल्सला फिरायला निघाले, तेव्हा तिथली सगळी माहिती मी ओकव्हिलमध्ये बसून दिली. ब्रसेल्स मी पाहिलेलं नव्हतं. पण मी कॅनडात राहते ना! इथे दुधाच्या खोक्यावरसुद्धा अर्धं फ्रेंच असतं.

"तिथे सगळं फ्रेंच आणि फ्लेमिशमध्ये असतं," मी ठणकावून सांगितलं. "फ्लेमिशकडे बघूच नकोस. फ्रेंचमध्ये एल-ए-आय-टी दिसलं की ते दूध. डोळे मिटून घे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तोच तिचा व्हिडिओ कॉल आला.

"तुझ्या दुधानं चहा फाटला!"

तिनं खोका कॅमेऱ्यासमोर धरला. एल-ए-आय-टी होतंच, पण त्यापुढे आणखी एक शब्द होता. मी तो फोनवर शोधला आणि ओशाळून म्हणाले, "ताई, ते ताक आहे."

"ताक?" ताईचा चेहरा एकदम उजळला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

तासाभरात फोटो आला. भाड्याच्या त्या स्वयंपाकघरात भावजी कढी-भात ओरपत होते. बेसन आणि हिंग ताईच्या बॅगेत होतंच.

आता ब्रसेल्सला जाणाऱ्यांना मी फ्रेंच शिकवत नाही. बेसन न्यायला सांगते.