अठरा पूर्ण होणारी मुलं

“पोरगा मागाहून बघायचा. आधी त्याची आई उभी राहिलेली बघायची,” ज्युलियन तुस्कानो म्हणायचा.

आखातात, सलमाबादच्या गोदामांमागे एक लहान खाजगी टेक्निकल कॉलेज होतं. ज्युलियन दिवसा तिथलं स्टोअर सांभाळायचा आणि संध्याकाळी बास्केटबॉलची टीम. तयार खेळाडू मोठे क्लब उचलून न्यायचे. कॉलेजला उरायची ती अजून वाढायची राहिलेली मुलं. ती हेरायला तो शुक्रवारी मनामाच्या चर्चमध्ये अगदी मागे बसायचा. गुडघे टेकल्यावर कुणाचे बूट मागच्या बाकाखाली घुसतात, ते पाहायचा. मग बाहेर आयांची उंची. शेवटी, सहज विचारल्यासारखं, मुलाला अठरा कधी पूर्ण होतात.

हा शेवटचा प्रश्न त्याचा खरा डाव. अठरा पूर्ण झाली की मुलगा आईबापाच्या व्हिसावरून उतरायचा; स्वतःचा व्हिसा नसेल तर त्याला देश सोडावा लागायचा. त्या वर्षी घरातली माणसं हळू बोलायची. ज्युलियन नेमका तेव्हाच दार वाजवायचा. बूट, बक्षिसं कॉलेजला परवडत नव्हती. व्हिसा देता येत होता.

१९८२ साली तो डॉलीकडे गेला. ती हॉस्पिटलात नर्स, त्याच्याच वसईकडची, दारात मान झुकवून शिरणारी. नवरा वारलेला. मुलगा पीटर तेवढा जवळ.

“मेल्या, माझ्याकडे काय बघतोस बाजारात म्हैस बघावी तसा? खेळायचंय पीटरला.”

“तुझ्याकडे बघूनच कळतं. अजून चार इंच वाढेल तो.”

“आणि पडला, काही मोडलं तर?”

“तरी व्हिसा राहील. कोर्स पुरा होईपर्यंत. माझा शब्द.”

डॉलीने चहा ठेवला. हा शब्द ज्युलियनला प्रिन्सिपल इक्बालसाहेबांनी दिला होता. जिना उतरता उतरता, कागदावर नाही. त्याने तो याआधी तीन घरांत वाटला होता. त्यांतला एक मुलगा खांदा निखळल्यावर गेल्या वर्षी परत पाठवला गेला. ते त्याने डॉलीला सांगितलं नाही. चहा मात्र सगळा प्यायला.

पीटर टीममध्ये आला. मार्चमध्ये वाऱ्याने सिमेंटच्या कोर्टावर बारीक वाळू आणून टाकली. ज्युलियनने ती दोनदा झाडून घेतली. पीटर उडी मारून उतरला, पाय सरकला, आणि गुडघ्याचा आवाज बाकांपर्यंत ऐकू आला.

पंधरा दिवसांनी डॉलीच्या घरी कॉलेजचं पत्र गेलं. नाव कमी केलं आहे, व्हिसा रद्द, महिन्याच्या आत जावं.

डॉली ड्यूटीच्या कपड्यांतच ऑफिसात आली. इक्बालसाहेबांनी ज्युलियनला बोलावून तिच्या शेजारी बसवलं. टेबलावर ज्युलियनचा पासपोर्ट होता. स्वतःचा व्हिसा वाढवायला म्हणून त्यानेच तो सोमवारी आणून दिला होता.

“कॉलेजने कोई वादा नहीं किया,” साहेब शांतपणे म्हणाले. “लेकिन हमारे आदमी ने जबान दी होगी, तो लडका रहेगा. फिर वो आदमी नहीं रहेगा. बोलो ज्युलियन, तुमने कुछ कहा था?”

बाहेर प्रॅक्टिस चालू होती. चेंडू सिमेंटवर एकसारखा आपटत होता.

“सांग ना रे,” डॉली म्हणाली. “माझ्या घरात बसून बोललास. नुसतं ‘हो’ म्हण. पीटरला अजून कुबडीशिवाय उभं राहता येत नाही, तिकडे कुणाकडे पाठवू मी त्याला?”

ज्युलियनने पासपोर्ट पाहिला. तिच्याकडे पाहिलं नाही. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर प्रॅक्टिसला गेला.