मुक्या हेडफोनमधला आवाज

वैशाखात सोलापूरचा माणूस सावली शोधतो, आणि ही लष्कराची माणसं मुद्दाम ऊन शोधत आली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तोफेच्या दणक्यापासून कान वाचवणारे आणि त्यातूनच वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारे हेडफोन त्यांना तपासायचे होते. उकाडा आणि गोंगाट एकाच छपराखाली हवा, म्हणून त्यांनी आमचा यंत्रमागाचा कारखाना निवडला. वर तापलेला पत्रा, खाली खडखडणारे माग. जवानांबरोबर इथलाही एखादा माणूस हवा होता. मी पुढे झालो. मिरवायची हौस, दुसरं काय!

हेडफोन चढवला आणि माग मुके झाले. सूत वाहणारे धोटे इकडून तिकडे पळत होते, आवाज मात्र नाही. त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा आला. पलीकडच्या टोकाला पुण्याचे एक साहेब माइकवर शब्द वाचत होते, आम्ही ते परत म्हणायचे. जवान चुकत होते. माझा एकही शब्द चुकला नाही.

मग साहेब घाम पुसायला वळले आणि आवाज तुटला. त्यांनी परत तोंड फिरवलं, आवाज आला. मी हात वर केला.

"साहेब, ह्यो मधीच बंद पडतोय बगा."

त्यांच्या मेकॅनिकने हेडफोन उघडला. आतली तार उष्णतेने सुटली होती. तो सकाळपासून बंदच होता.

"मग तुम्ही शब्द कसे ओळखलेत?" साहेबांनी विचारलं.

"ऐकले की. तुमचा आवाज लई घोगरा हाय, तरी समजलं."

आमच्या मुकादमाने मला बाजूला ओढलं. "घोगरा? अरं, लई बारीक आवाज हाय की त्यांचा!"

मागवाल्याला ओठ वाचायची सवय असतेच. त्या खडखडाटात दुसरं काय करणार? चहा हवा, सूत तुटलं, मालक आला, सगळं ओठांवर. पण मी ओठ वाचतोय हे मला कळतच नव्हतं. मला चक्क आवाज येत होता. कुणाचा, ते देव जाणे. मी फार घाबरलो.

घरी माझी मुलगी नुकतीच 'आबा' म्हणायला लागली होती. माझं ते कारखानाभर सांगून झालं होतं. त्या संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून मी उंबऱ्यावर बसलो आणि तिच्या हाकेची वाट पाहत राहिलो. सगळं शांत होतं. पोर खेळात रमली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

खांद्यावर हात पडला तसा दचकलो. बायको समोर वाकून बोलत होती, "अवो, पोरगी मगाधरनं आबा आबा करतीया की! वळून तरी बगा."

मी वळलो. मुलगी माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी होती. इवले ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"आबा."

किती गोड, किती स्पष्ट! तो आवाज तिचा होता की मीच तिला दिलेला, ते मला अजून ठाऊक नाही.