डेल्बर्ट कोम्ब्सची चौदावी निवड

डेल्बर्ट कोम्ब्सला टाईप करता यायचं नाही, म्हणून आमची ओळख झाली. टोलेडो पायलट्स संघाच्या कचेरीत मी बावीस वर्षं कागदपत्रं सांभाळली. कॉलेजांत अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं हेरणं हे डेल्बर्टचं काम. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तो केंटकी, टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत गाडी हाकत फिरायचा आणि सकाळी सात वाजता कुठल्यातरी खानावळीतून मला फोन करायचा.

"बर्नी, घे लिहून."

मी लिहून घ्यायची. त्याचे अहवाल चार ओळींचे असत. ‘खांदे उत्तम. हरल्यावर हेल्मेट आपटत नाही. स्वयंपाकघरातल्या बायका याला नावानं ओळखतात, याचा अर्थ ताट स्वतः उचलून ठेवतो.’ बाकीचे लोक पोरांची उंची, वजन, धावण्याचे सेकंद असं सगळं पानभर पाठवायचे. साहेब मात्र आधी डेल्बर्टचं पान वाचायचे.

दर एप्रिलात सगळे संघ ओळीनं कॉलेजची पोरं निवडतात, एकेक करून, अशा सात फेऱ्या. आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त आपटला, त्याचा नंबर पहिला. हा नंबर विकता येत नाही, पण देता येतो. म्हणजे तुम्ही आमचा नंबर घ्या आणि तुमचा एखादा तयार खेळाडू आम्हाला द्या. डेल्बर्टचा या देवाणघेवाणीवर राग. "स्वतःच्या शेतात पेरायचं सोडून बाजारातून कणसं आणायची," असं तो म्हणायचा. सव्वीस वर्षं म्हणत आला होता.

त्या वर्षी आमचा नंबर चौदावा होता आणि संघाची अवस्था वाईट होती. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा गडी, चोवीस वर्षांचा, हात सोन्याचा. पण त्याची डावी बाजू राखायला धड माणूस नव्हता. चेंडू फेकायला तो उजवीकडे वळला की पाठीमागून कोणीतरी येऊन त्याला झोपवायचा. एका हंगामात अठ्ठावन्न वेळा आडवा झाला बिचारा. त्याची आई सामन्याला यायची बंद झाली.

डेल्बर्टकडे यावर औषध होतं. वेस्ली ब्रॅनम नावाचा पोरगा, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका लहानशा कॉलेजात डावी बाजू राखायचा. आजीनं वाढवलेला, सहा फूट सहा इंच. डेल्बर्ट त्याला पाच वेळा बघून आला होता. पाचव्या अहवालात दोनच शब्द होते: ‘हाच तो.’ आपली चौदावी निवड म्हणजे ब्रॅनम, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हॉलंडर साहेबांनी बैठक बोलावली. संघात कोण येणार, कोण जाणार, हे हॉलंडर ठरवायचे. खेळाडूंना शिकवणारे पेट्राकिस कोच होते. डेल्बर्ट होता, आणि फायली घेऊन मी.

"दक्षिणेतून फोन आलाय," हॉलंडर म्हणाले. "टेरेल ऑडम द्यायला तयार आहेत. त्यांना नव्यानं सुरुवात करायचीय, तरणी पोरं हवीत. आपली चौदावी निवड मागतायत, आणि वर तिसऱ्या फेरीतली."

पेट्राकिस खुर्चीत ताठ झाले. ऑडम म्हणजे देशातल्या पहिल्या पाच राखणदारांपैकी एक. वय एकोणतीस, सात हंगामांत फक्त दोन सामने चुकलेले.

"यात विचार कसला करताय?" पेट्राकिस म्हणाले. "मला होतकरू पोर नको. सप्टेंबरात उभा राहील असा माणूस हवाय. ते पोर शिकेपर्यंत मी घरी बसून बागेला पाणी घालत असेन!"

"पण पोर दहा वर्षं टिकेल," हॉलंडर म्हणाले. "ऑडम फार तर पाच. आणि खांदा गेला तर तेवढाही नाही. डेल्बर्ट, तुम्ही काय म्हणता?"

डेल्बर्टनं खिशातून चष्मा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बर्नी, ऑडमवर मी लिहिलेलं आहे. सात वर्षांपूर्वी. काढ."

मला ते पान आठवत होतं. मुद्दाम फायलीच्या तळाशी ठेवलं होतं मी. काढून दिलं. त्यानं चष्मा चढवला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: "टेरेल ऑडम. पाय जड. दमलेला दिसतो. दोन वर्षांत घरी परतेल. घेऊ नये."

पेट्राकिस हसायला लागले, पण डेल्बर्टचा चेहरा बघून थांबले.

"ज्या माणसाबद्दल मी एवढा चुकलो, त्याच्याविरुद्ध आज बोलायचा मला काय अधिकार?" तो म्हणाला. "आणि त्याच्या बाजूनंही काय बोलू? मला दोन दिवस द्या. बघून येतो."

दुसऱ्या संघाच्या माणसाला असं भेटता येत नाही. हॉलंडरनी फोन करून रीतसर परवानगी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे डेल्बर्ट टेनेसीकडे निघाला. तिथे काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं आणि पुढे ऑडमनंही सांगितलं. दोघांचं वर्णन बरंचसं जुळलं.

ऑडम आईच्या घरी होता, पुढच्या ओसरीच्या लाकडी फळ्या बदलत होता. नवी फळी कापण्याआधी दोनदा मोजायचा. डेल्बर्ट कुंपणापाशी उभा राहून पंधरा मिनिटं नुसता बघत राहिला.

शेवटी ऑडम म्हणाला, "आत या. मागच्या वेळीही तुम्ही कुंपणाबाहेरूनच बघून गेलात."

"ओळखलंस मला?"

"तपकिरी हॅट. पाय जड, दोन वर्षांत घरी. आमच्या कॉलेजच्या कोचला तुम्ही बोलून गेलात, त्यांनी मला सांगितलं, चिडून तरी खेळेन म्हणून." मग आत हाक मारली, "आई, बघ कोण आलंय! जड पायवाले!"

म्हातारी दारात आली. कमरेवर हात ठेवून तिनं डेल्बर्टला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेच का ते? मला वाटलं होतं जरा उंच असतील," ती म्हणाली. "या, जेवायला बसा. त्या खुर्चीवर नको, तिचे पाय हलके आहेत."

कोंबडीच्या रश्शातले उकडीचे गोळे आणि वर केळ्याचं पुडिंग. डेल्बर्ट म्हणतो, एवढं गोड जेवण आणि एवढे टोमणे एका बैठकीत त्याला कधी मिळाले नव्हते. म्हातारी वाढत होती आणि बोलत होती. त्यातूनच कळलं, की डेल्बर्ट सात वर्षांपूर्वी आला तेव्हा ऑडमचा बाप साठ मैलांवरच्या इस्पितळात होता. पोरगा रोज सराव झाला की तिकडे जायचा, बापाजवळ बसायचा, चार तास झोपून परत मैदानावर यायचा. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

डेल्बर्टनं चमचा खाली ठेवला. "मी एकदाच आलो होतो. पुन्हा यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतंच," म्हातारी म्हणाली आणि आणखी पुडिंग वाढलं.

जेवण झाल्यावर डेल्बर्टनं सरळ विचारलं, "खांदा कसा आहे?"

"उजवा थंडीत सकाळी दुखतो. दहापर्यंत मोकळा होतो. तुमच्याकडे तर थंडीच थंडी. हे तुमच्या साहेबांना सांगा. नंतर फसवलं म्हणायला नको."

"आणि यावंसं वाटतंय?"

ऑडम ताटं उचलायला लागला. "इथं नवे कोच आलेत. ते माझ्याशी फार आदरानं बोलतात, घर विकायला काढल्यावर त्या घराशी बोलावं तसे. मला अजून खेळायचंय. जिथं गरज आहे तिथं खेळायचंय."

परतीच्या वाटेवर डेल्बर्ट मुद्दाम वाकडी वाट करून ब्रॅनमच्या कॉलेजावरून आला. पोरगा एकटाच व्यायाम करत होता. डेल्बर्टनं गाडीतूनच पाहिलं, हाक मारली नाही. का नाही मारली, हे मी कधी विचारलं नाही.

बैठक पुन्हा भरली. सगळ्यांना वाटत होतं म्हातारा आपल्या पोरासाठी भांडणार. डेल्बर्ट उभा राहिला. एरवी तो बसून बोलायचा.

"ब्रॅनम उद्या ऑडमपेक्षा सरस होईल," तो म्हणाला. "माझं तेच मत आहे. पण त्या उद्याला तीन वर्षं आहेत. पहिली दोन वर्षं तो चुकेल, आणि त्याच्या प्रत्येक चुकीला आपला क्वार्टरबॅक जमिनीवर असेल. एका पोराला शिकवायला दुसऱ्या पोराची हाडं मोडायची? आपण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोय. चौदावी देऊन टाका. ऑडमला आणा."

मग पेट्राकिस उठले आणि त्यांनी त्याच्यासाठी स्वतः कॉफी ओतून आणली. त्या माणसानं कोणासाठी कॉफी आणलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"पण तिसऱ्या फेरीतली देऊ नका," डेल्बर्ट पुढे म्हणाला. "ब्रॅनम लहान कॉलेजचं पोर आहे, फारसं कोणी पाहिलेलं नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत राहिला तर राहिला."

हॉलंडर दोन दिवस फोनवर घासाघीस करत होते. शेवटी चौदावी आणि पुढच्या वर्षीची चौथ्या फेरीतली, एवढ्यावर सौदा पटला. ऑडम आमचा झाला.

तिसऱ्या फेरीच्या संध्याकाळी आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो होतो. ब्रॅनमचं नाव अजून कोणी घेतलं नव्हतं. आमच्याआधी नऊ संघ, मग आठ. डेल्बर्ट हॅट गुडघ्यावर गोल फिरवत होता. आणि सातव्यानं, डोंगराकडच्या एका संघानं, वेस्ली ब्रॅनमचं नाव पुकारलं.

मला रडू आलं. डेल्बर्ट उठला, माझ्या टेबलावरचा फोन घेतला आणि पोराच्या आजीला लावला.

"आजीबाई, अभिनंदन! डेल्बर्ट कोम्ब्स बोलतोय, टोलेडोहून."

पलीकडून काहीतरी ओरडणं ऐकू आलं. तो हसला. "हो, मीच म्हणालो होतो आमच्याकडे येईल म्हणून. दुसऱ्या कोणीतरी ओळखला. बरंच आहे की, माझे डोळे अजून शाबूत आहेत हे कळलं... नाही, राग कशाचा? पोराला सांगा, तिकडे हवा विरळ आहे, पहिले पंधरा दिवस पाणी भरपूर प्यायचं."

फोन ठेवून तो परत येऊन बसला, कारण आमची निवड अजून बाकी होती. आम्ही जो पोरगा घेतला, तो दोन हंगाम बाकावर बसला आणि मग विमा विकायला लागला. माणूस चांगला आहे. माझा विमा त्याच्याकडेच आहे.

ऑडम आला. पहिल्या हंगामात आमचा क्वार्टरबॅक अठ्ठावन्नच्या जागी एकवीस वेळा आडवा झाला आणि त्याची आई पुन्हा सामन्याला यायला लागली. ब्रॅनम तिकडे दोन वर्षं बाकावर होता. तिसऱ्या वर्षी उभा राहिला आणि असा काही खेळला, की आमच्या गावच्या वर्तमानपत्रानं लिहिलं, टोलेडोनं हिरा घालवला. मी ते पान चिडून डेल्बर्टला फोनवर वाचून दाखवलं.

"अगं, बरोबर लिहिलंय त्यांनी," तो म्हणाला. "हिराच आहे तो. पण पोरानं एक पत्र पाठवलंय. म्हणतो, ती दोन वर्षं बाकावर बसून शिकलो म्हणून टिकलो. आपल्याकडे त्याला बसायला बाक कुठे होता?"

त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारीत, आमच्या मैदानावर बाद फेरीचा सामना झाला, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. सगळी कचेरी झाडून मैदानावर. डेल्बर्टसाठी हॉलंडरनी स्वतःशेजारची खुर्ची राखून ठेवली होती. पण तो आलाच नाही. अलाबामात कॉलेजच्या निवडक पोरांचा सराव चालू होता आणि तिथे जायचं त्याचं आधीच ठरलं होतं. आम्ही जिंकलो तेव्हा गर्दीत एका कानात बोट घालून मी त्याला फोन लावला.

"पाहिलंस का रे?"

"खानावळीत टीव्ही आहे, पाहिला. इथल्या वाढणाऱ्या बाईला मी सांगून टाकलं, ते माझे लोक आहेत. तिनं पेकनच्या दाण्यांचा गोड पाय दिला वाढून, पैसे घेत नाही म्हणते."

"आता तरी घरी ये. उद्या मिरवणूक निघेल."

"येतो गं परवा. इथे जॉर्जियाचं एक पोर आहे, काल त्याला एकदाच पाहिलं. उद्या पुन्हा बघायचंय," तो म्हणाला. मग घास गिळून म्हणाला, "पाय फार छान झालाय, बर्नी. इमोजीनला सांगू नकोस, तिच्या हातच्यापेक्षाही छान."

इमोजीन म्हणजे त्याची बायको. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि फोन मोठ्या आवाजावर होता.